गोमाजीची जनावरी झोप

त्या दिवशी उन्हाचा असा तडाखा होता, की बाभळीवरचा कावळाही चोच वासून बसला होता. अशा उन्हात झोप कुणाला येत नाही? पण एका गावात एक भोळा राखणदार होता, गोमाजी, त्याला ती जरा जास्तच यायची. तुळाजी पाटलांचं जोंधळ्याचं खळं त्याच्या हवाली होतं. रास नीट राखली, तर दोन पोती जोंधळा मिळायचा. घरात भाकरीपुरतंही पीठ नव्हतं.

भरदुपारी गोमाजी राशीशेजारी आडवा झाला. शेळ्यांनी येऊन टोपलीभर जोंधळा फस्त केला.

पाटील म्हणाले, "गोम्या, कुत्रं बघ. झोपलं तरी कान जागा. चाहूल लागली की भुंकतं, पोटरी धरतं. तसं झोपावं."

"तसंच झोपतो," गोमाजी म्हणाला. शहाण्या माणसाचं ऐकावं, एवढं त्याला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो घरी ओसरीवर पेंगत होता. सासूबाई लेकीसाठी पीठ घेऊन आल्या. चाहूल लागली. गोमाजी भुंकला आणि त्याने सासूची पोटरी धरली. हातांनी नव्हे. सासूबाई पिठासकट माघारी गेल्या.

बायकोने, कोंडाबाईने, कपाळ बडवलं. "अहो, मांजर तरी बघा! कुणी आलं की झोपेतून उठतं, पायात घोटाळतं, घुर्रघुर्र करतं. तसं वागावं माणसानं!"

"मग आधी सांगायचं की!"

त्याच दुपारी खळ्यावर दोन चोर आले. गोमाजी उठला, त्यांच्या पायात घोटाळला, घुर्रघुर्रला. चोरांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. एवढा मायाळू राखणदार त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. अर्धी रास गेली.

पाटील कडाडले, "अरे, मासासुद्धा डोळे उघडे ठेवून झोपतो! उद्या डोळा मिटलास, तर दोन पोत्यांवर पाणी सोड."

तिसऱ्या दिवशी चोर बैलगाडी घेऊनच आले. गोमाजी राशीवर बसला होता, डोळे टक्क उघडे. चोरांनी त्याला अलगद उचलून बाजूला ठेवलं, रास भरली, जाताना खळंही झाडून नेलं.

पाटील धावत आले. "रास कुठाय?"

"नेली. दोघं होते. एक बैल पांढरा, एक तांबडा. सगळं पाहिलं मी."

"मग ओरडला का नाहीस?"

"मासा ओरडतो होय, पाटील? डोळा काही मिटला नाही. आता माझी दोन पोती द्या."

गोमाजीचा शेजारी लिंबाजी, गुरांना औषधपाणी करणारा म्हातारा, तिथेच उभा होता. तो सावकाश म्हणाला, "गोमाजी, जनावर झोपलं तरी त्याचं डोकं पहाऱ्यावर असतं. तुझे डोळे तेवढे पहाऱ्यावर होते, डोकं घोरत होतं. त्याला उठवू नकोस बाबा. जन्मापासूनची झोप आहे, एकदम मोडली तर बाधेल."