नातालीन सुईणीचा माड

फार वर्षांपूर्वी, करंजभाटच्या चर्चवर अजून कौलं चढली नव्हती आणि झावळ्यांच्या छपराखाली मिस्सेची प्रार्थना होत असे, त्या काळी गावात नातालीन नावाची सुईण राहत होती. ऐन थंडीतही तिचे हात कोमट असत, असं म्हणतात. आडवं आलेलं बाळ तिला कधी ओढून काढावं लागलं नाही. ती पोटावर हात ठेवून आतल्या बाळाला दटावायची आणि बाळ मुकाट्यानं डोकं खाली करायचं. बाहेर आल्यावर तीच पोरं कोणाचं ऐकत नसत, हा भाग वेगळा.

सुईणीकडे तेव्हा आणखी एक काम असे. जन्मलेलं बाळ जगणार नाही असं दिसलं, तर पाद्रीबाबांची वाट न बघता तिनंच त्याला बाप्तिस्मा द्यायचा. डोक्यावर पाणी घालायचं आणि पित्याचं, पुत्राचं, पवित्र आत्म्याचं नाव घ्यायचं. आदामाचं पाप प्रत्येक जिवाला जन्मतःच लागलेलं असतं आणि ते धुतल्याशिवाय स्वर्गाचं दार उघडत नाही, असं गाव मानत होतं. न धुतलेलं बाळ त्या दाराबाहेर उभं राहतं, ना आत ना नरकात. म्हणून त्याला पुरायचंही दफनभूमीच्या भिंतीबाहेर.

एका वैशाखात बस्त्यावची बायको जाबेल पानवेलीची पानं खुडायला वाडीत गेली आणि दिवस भरायच्या आतच तिथं अडली. नातालीन धावत पोचली. बस्त्याव बैलगाडी आणायला गेला. मुलगा झाला, पण तळहाताएवढा आणि निळा. जाबेलची शुद्ध हरपली होती. नातालीननं पाण्यासाठी इकडेतिकडे पाहिलं. रहाटाची माळ तुटून विहिरीत पडली होती, पाणी चार पुरुष खोल. घागर कोरडी. जवळ होतं फक्त बस्त्यावनं जाबेलसाठी सोलून ठेवलेलं शहाळं. माणसाचा हात न लागलेलं, देवानंच बंद करून ठेवलेलं पाणी, याहून शुद्ध काय असणार, असं तिच्या मनात आलं. तिनं ते बाळाच्या माथ्यावर ओतलं, तिन्ही नावं घेतली, आंद्रू म्हणून हाक मारली. आंद्रू एकदा रडला आणि गेला.

पाद्रीबाबांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, पाणी कुठलं घेतलंस? त्या वेळी वाडीत काय घडलं ते नातालीनशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. विहिरीचं म्हणाली असती तर प्रश्न मिटला असता. पण ती चर्चच्या दारात उभी होती आणि तिला खोटं बोलता येईना. तिनं खरं सांगितलं. पाद्रीबाबांचा चेहरा उतरला. फळाच्या रसानं बाप्तिस्मा होत नाही, ते म्हणाले. मग बाळ कुठं गेलं, असं तिनं विचारलं, तेव्हा ते मला ठाऊक नाही म्हणाले.

आंद्रूला भिंतीबाहेर पुरलं. जाबेल नातालीनला एवढंच बोलली, “एक शब्द खोटा बोलली असतीस, तर माझं लेकरू आत असतं.” त्यानंतर ती तिच्याशी बोललीच नाही.

भिंतीबाहेर क्रूस लावायची परवानगी नव्हती. म्हणून नातालीननं ते रिकामं शहाळं खुणेसाठी बाळाच्या उशाशी ठेवलं. रोज सकाळी मिस्सेआधी ती विहिरीवरून घागर भरून आणी आणि तिथं ओती. वेळेवर देता आलं नाही ते पाणी ती उशिरानं देत होती. इतरांची बाळं तिनं पुढेही सुखरूप आणली, पण कोणाच्या बारशाला जेवली नाही. आपल्या हातानं एक जीव देवाच्या दाराबाहेर राहिला, या एका भीतीनं ती आतून वाळत गेली.

आणि त्या शहाळ्याला कोंब आला, असं म्हणतात. कापलेलं, कोवळं शहाळं कधी रुजत नाही, हे वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल. हे रुजलं. सात वर्षांत माड भिंतीच्या वर गेला आणि त्याला पहिला घड लागला. त्याला हात लावायची कोणाची छाती होईना.

त्याच वर्षी नातालीननं अंथरूण धरलं. पाद्रीबाबा शेवटचा संस्कार द्यायला आले, तर तिनं पुन्हा तेच विचारलं. बाळ कुठं आहे? पाद्रीबाबा आता म्हातारे झाले होते. त्यांनी संस्काराच्या तेलाची कुपी उघडली.

तेवढ्यात जाबेल दारात आली. सात वर्षांत पहिल्यांदाच. तिच्या हातात त्या माडाचं शहाळं होतं. बस्त्यावनं ते काढून दिलं होतं आणि वाटेत तिनं एक घोट घेतला होता. तिनं ते आधी पाद्रीबाबांपुढे धरलं. त्यांनी चाखलं. त्यात गोडी नव्हती, खार नव्हता. विहिरीच्या पाण्याला असते तेवढीच चव होती.

“नियम आपल्यासाठी दिला होता,” पाद्रीबाबा म्हणाले. “मी त्यात देवालाच बांधून ठेवलं.”

जाबेल नातालीनच्या उशाशी बसली. शहाळं तिच्या ओठांना लावलं.

“पाणीच होतं, नातालीन,” ती म्हणाली. “तेव्हाही पाणीच होतं.”

नातालीन तो घोट पिऊन गेली. तिच्या इच्छेप्रमाणे तिला भिंतीबाहेर, आंद्रूशेजारी पुरलं. जातेवेळी तिचे हात कोमट होते आणि माती पडेपर्यंत तसेच राहिले, असं म्हणतात.

तो माड केव्हाच वादळात पडला. आज आहे तो त्याच्या नारळाच्या नारळाचा, आणि त्याचं पाणी कुठल्याही माडासारखं गोडच लागतं. करंजभाटला त्याचं काही वाटत नाही. गावात बाप्तिस्मा झाला की बाळाला तिथं नेतात, बुंध्याशी तांब्याभर पाणी ओततात आणि बायका एका सुरात म्हणतात, “पाणीच होतं.” कधी एखादी बाई रिकाम्या कुशीनं, एकटीच तांब्या घेऊन येते. तिला कोणी काही विचारत नाही. जी कोणी जवळ असेल ती तिच्यासोबत उभी राहते आणि तेच दोन शब्द म्हणते.