शिळेवरचे पंजे

खूप जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की तेव्हाच्या राजाचं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि गावात एक नावाजलेली तालीम होती.

तालमीत एक काळी शिळा होती. तिच्यावर दोन पंजे कोरलेले होते, तालीम उभी करणाऱ्या मूळ पैलवानाचे. पंजे अगदी जवळजवळ, बोटं आत वळलेली. तो पैलवान तसे हात ठेवून रोज हजार जोर मारायचा म्हणे. तेव्हापासून प्रत्येकाने त्याच पंज्यांत हात ठेवून जोर मारायचे अशी रीत पडली. हात बसो वा न बसो, विचारतो कोण?

या तालमीत एक कुंभार यायचा. खांद्याने रुंद, मनाने सरळ. कुस्ती म्हणजे त्याचा जीव की प्राण. पण शिळेवर जोर मारायला लागला, की शंभराच्या आतच त्याची मनगटं ठणकायला लागायची.

नागपंचमीला महिना उरला होता. त्या दिवशी शिळेवर न थांबता पाचशे जोर मारायचे, आणि जो मध्येच थांबेल त्याने लंगोट ठेवून कायमचं घरी जायचं, असा तालमीचा कडक नियम होता. कुंभाराला घास गोड लागेना.

त्याने तालमीच्या वस्तादांना सांगून पाहिलं. वस्ताद म्हणाले, "मनगट दुखत नसतं, मन कच्चं असतं. आणखी मार."

बिचाऱ्याने आणखी मारले. ठणका तेवढा वाढला.

एके दिवशी तो अंगणात माती मळत होता. बायको बराच वेळ त्याच्याकडे बघत होती.

"अहो, एक विचारू?"

"विचार की."

"काल तालमीतून आलात तेव्हा हातात तांब्या धरवत नव्हता. आज सकाळपासून सगळ्या अंगाचा भार हातांवर टाकून माती मळताय, आणि एकदाही हात झटकला नाहीत. हे कसं?"

कुंभार थबकला. त्याने खाली पाहिलं. त्याचे पंजे बरोबर खांद्यांखाली होते, बोटं पसरलेली आणि किंचित बाहेर वळलेली. भार नुसत्या मनगटावर नव्हता, तळव्यावर आणि दहाही बोटांवर वाटला गेला होता. तसेच हात ठेवून त्याने तिथेच जोर मारायला सुरुवात केली. शंभर झाले, दीडशे झाले. दम लागला, पण मनगट दुखलं नाही. मग त्याने ओल्या मातीतल्या आपल्या ठशांमधलं अंतर मोजलं. शिळेवरच्या पंज्यांत एका वितीचं अंतर होतं, त्याच्या ठशांत चांगलं दोन वितींचं.

स्वतःच्याच हातांची ओळख इतक्या उशिरा पटावी, याचं त्याला हसू आलं. त्या दिवसापासून तो घरीच मेहनत करू लागला.

नागपंचमी आली. तालीम माणसांनी भरली. कुंभाराने शिळेला नमस्कार केला आणि कोरीव पंजे सोडून दोन्ही बाजूंना आपले हात टेकले. लोकांत एकच कुजबुज सुरू झाली.

"हात जागेवर ठेव," वस्ताद म्हणाले.

"वस्ताद, ती मूळ पैलवानांच्या हातांची जागा आहे. माझे हात माझ्या जागेवरच आहेत. पाचशेला एक जरी कमी पडला, तर लंगोट इथंच ठेवून जाईन."

जोर सुरू झाले तसे वस्ताद मोजू लागले. तीनशे झाले, चारशे झाले. पाचशेनंतरही कुंभार थांबला नाही, वीस जोर जास्तच मारून उठला.

वस्तादांनी शिळेवरच्या कोरीव पंज्यांवरून हात फिरवला. मग ते सगळ्यांसमोर म्हणाले, "चाळीस वर्षं झाली, सकाळी उठल्यावर मला मूठ वळता येत नाही. मला वाटायचं, मीच कमी पडतो."

कुंभाराला वाईट वाटलं. एवढा दांडगा माणूस, आणि एवढी वर्षं मुकाट्याने सोसत आला.

वस्ताद ओणवे झाले. "ये पैलवान," ते म्हणाले, "माझे हात कुठं बसतात ते दाखव." कुंभाराने त्यांची मनगटं हलकेच धरली आणि एकेक पंजा त्यांच्या खांद्याखाली ठेवला. वस्तादांनी एक जोर मारला, मग दुसरा, आणि मग ते मोजायचंच विसरले.

त्या वर्षी ज्याने त्याने आपापल्या मापाने हात टेकले, आणि तालमीतून एकही गडी कायमचा घरी गेला नाही.

तात्पर्य : विद्या थोरांकडून घ्यावी, पण माप आपल्या देहाचं घ्यावं.