कवड्यांचा वाघ

"मग मला हरवतं कोण, माई?"

मुकुंदा तांबटानं ओट्यावर टेकता टेकताच हे विचारलं. नमस्कार नाही, कसं काय नाही.

रेवामाई वाती वळत होत्या. मांडीवर कापूस, शेजारी वळलेल्या वातींची जुडी. त्यांनी मान वर केली नाही.

"कोण हरलं?"

"मी. परवा हरलो, काल हरलो. आज सकाळी तर वाईट हरलो. आणि समोर कुणी बसलेलंच नव्हतं!"

आता माईंनी मान वर केली.

माईंच्या नदीकाठच्या मठात लोक दुखणी घेऊन यायचे, भांडणं घेऊन यायचे, पोरीचं लग्न जमेना म्हणून यायचे. समोर कुणी नसताना हरलेला माणूस पहिल्यांदाच आला होता. ओट्यावर बसलेले आम्ही दोघंतिघंही जरा पुढे सरकलो.

"दाखव बरं," माई म्हणाल्या. त्यांनी कापूस बाजूला ठेवला. वाती अर्ध्या टाकून माई कुणाचं ऐकत नसत, तेव्हा त्यांना खरंच नवल वाटलेलं असणार.

मुकुंदा म्हणजे वाघ-बकरीतला आमच्या गावचा पहिला गडी. खेळ साधाच. एकाचे चार वाघ, दुसऱ्याच्या वीस बकऱ्या. वाघानं बकरीवरून उडी मारली की ती बकरी मेली. बकऱ्यांनी चारही वाघ कोंडले की वाघ हरले. पोरासोरांचा खेळ म्हणून लोक हसतात. त्यांनी मुकुंदाशी एक डाव मांडून बघावा. आपण चांगले खेळतो याचा त्याला अभिमान होता, आणि तो लपवावा असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

मठाच्या ओट्यावर एका काळ्या दगडात हा पट कोरलेला आहे. मुकुंदानं पिशवी सोडली आणि त्यावर चिंचोके मांडले. त्या बकऱ्या. मग चार वाघ काढले, तांब्याचे, स्वतः ठोकून घडवलेले, बोटाच्या पेराएवढे. प्रत्येकाच्या पाठीवर छिन्नीनं रेघा मारल्या होत्या. एकाला एक, दुसऱ्याला दोन, अशा चारापर्यंत.

शेवटी त्यानं चार कवड्या काढल्या.

"बकऱ्या माझ्या. वाघ ह्यांचे."

"कुणाचे?"

"कवड्यांचे."

माई हसल्या. "बरं. आणि कवड्या खेळतात कशा?"

"ऐका तर. कवड्या टाकायच्या. जितक्या उताण्या पडतील तितक्या रेघांचा वाघ हलणार. एकही उताणी नाही पडली, तर पुन्हा टाकायच्या. वाघ जाणार कुठं? जिकडं बकऱ्या जास्त, तिकडं. पण कुठल्याही वाघाला बकरी खाता येत असेल, तर कवड्या टाकायच्याच नाहीत. आधी खायची."

"छान आहे की!" माई म्हणाल्या. "हे ठरवलं कुणी?"

"मीच."

"कवड्या कोण टाकतं?"

"मीच."

"आणि वाघ कोण हलवतं?"

"मीच हो! दुसरं आहे कोण तिथं?"

"मग हरवतं..."

"तेच तर तुम्हाला विचारायला आलोय!" मुकुंदाचा आवाज चढला. राग त्याच्या नाकावर असायचा. "कवड्यांना डोकं नाही. त्या पुढचं बघत नाहीत, डाव रचत नाहीत. आणि मी, माई, मी पाच चाली पुढचं बघतो. तरी वाघ जिंकतात. हे कसं?"

"एक डाव खेळ. मी बघते."

मुकुंदा खेळू लागला. एका हातानं टाळी वाजत नाही म्हणतात. इथे तर एकाच माणसाचे दोन हात एकमेकांशी भांडत होते. उजव्यानं तो बकरी सरकवायचा, डाव्यानं कवड्या टाकायचा. दोन उताण्या. दोन रेघांचा वाघ पुढे. पुन्हा बकरी. पुन्हा कवड्या. माई हनुवटीवर बोट ठेवून बघत होत्या.

मधेच तो थांबला.

एका वाघाच्या तोंडाशी दोन बकऱ्या आल्या होत्या. एक इकडे, एक तिकडे.

मुकुंदानं डोळे बारीक केले. दाढी खाजवली. बराच वेळ विचार केला. मग तिकडची बकरी उचलून बाजूला टाकली, आणि आपलीच पाच चालींत रचलेली फळी फोडून वाघाला पलीकडे नेऊन ठेवलं.

"हीच का?" माईंनी विचारलं. "इकडचीही खाता आली असती."

"इकडची खाल्ली असती तर माझं फार काही बिघडलं नसतं. हिच्यामुळं डाव मोडला."

"कवड्या तसं म्हणाल्या?"

"कवड्या काय म्हणणार? हा माझा नेम आहे, माई. दोन वाटा असल्या, संशय आला, की कौल वाघाच्या बाजूनं द्यायचा. नाहीतर आपणच आपल्याला जिंकवत बसायचं. त्याला काय अर्थ आहे?"

"कुणी बघत नसलं तरी?"

"घरात दार लावून खेळतो मी. कोण बघणार?"

माईंनी मान डोलावली. त्यांना ते मनापासून आवडलेलं दिसलं.

"मग तुला हरवतो तो फार चांगला माणूस आहे," त्या म्हणाल्या. "गरीब कवड्यांच्या बाजूनं बसतो, त्यांच्यासाठी डोकं चालवतो, आणि स्वतःला विसरतो."

मुकुंदाला हे कळायला एक क्षण लागला. मग त्याचा चेहरा फुलला. माईंच्या तोंडून एवढं कौतुक गावात कुणाचं झालं नव्हतं. तो आमच्याकडे बघून घेतच होता, तोवर माईंनी विचारलं,

"दार लावून का खेळतोस?"

चेहरा उतरला.

"गावात तोडीचा कुणी राहिला नाही."

"दस्तगीर होता ना?"

मुकुंदा पटावरचा एक चिंचोका उगाच सारखा करत राहिला...

दस्तगीर पिंजारी आणि मुकुंदा यांना मिसरूड फुटल्यापासून कुणी वेगळं पाहिलं नव्हतं. दुपारची भाकरी झाली की दस्तगीरच्या दुकानासमोर कट्ट्यावर पट मांडलेला. मुकुंदाच्या बकऱ्या, दस्तगीरचे वाघ. बघायला माणसं उभी राहायची. गेल्या पाडव्यापासून तो कट्टा रिकामा होता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. का, ते मात्र ज्याला त्याला आपल्या परीनं ठाऊक होतं.

"तो लबाडी करायला लागला," मुकुंदा शेवटी म्हणाला.

"दस्तगीर?"

"मलाही खरं वाटलं नसतं. पण डोळ्यांनी बघितलं, माई. पटावरून हात फिरवायचा. हळूच, असा. बोटानं बकऱ्या चाचपायचा. एखादी जागची हलायची. मी बोललो की म्हणायचा, चुकून लागला रे हात. एकदा चुकून लागेल, दोनदा लागेल... रोज?"

"मग?"

"मग एक दिवस मनगट धरलं त्याचं. चार माणसांसमोर म्हणालो, दस्तगीर, बकऱ्या सरकवून जिंकायचं वय नाही आपलं. त्याचं तोंड एवढंसं झालं. चोराच्या मनात चांदणं! उठला, आणि भिंतीला हात लावत लावत आत गेला. पुन्हा कट्ट्यावर आला नाही. म्हटलं, बरं झालं, सुंठीवाचून खोकला गेला."

तो असं म्हणाला खरा. पण आवाजात बरं झाल्यासारखं काही नव्हतं. माणूस तुटला होता. रोज दार लावून ज्या वाघांशी तो खेळत होता, ते वाघ कुणाचे होते हे आम्हालाही कळत होतं.

"बाजारात समोरून जातो तर मान वळवत नाही," मुकुंदा म्हणाला. "दुकानात पोराला बसवलंय. मी दिसायला नको, म्हणून. इतका राग!"

"त्या दिवशी तुला संशय आला," माई म्हणाल्या.

"संशय कसला? खात्री होती."

"कौल कुणाच्या बाजूनं दिलास?"

मुकुंदा जरा घुश्शातच म्हणाला, "ते वेगळं. कवड्या लबाडी करत नाहीत."

माई वाद घालत नसत. त्यांनी हात पुढे करून कवड्या गोळा केल्या आणि बाजूला ठेवल्या.

"चल, मी खेळते. वाघ माझे."

"तुम्ही?"

"का? बाईमाणसाच्या वाघाला दात नसतात?"

आम्ही हसलो. मुकुंदाही हसला. त्यानं नवा डाव मांडला. पहिली बकरी सरकवली.

माईंनी डोळे मिटले.

"माई, तुमची चाल."

"हो, खेळते."

"डोळे मिटून?"

"चालत नाही का तुझ्या नेमात?"

मुकुंदानं खांदे उडवले.

माईंचा हात पुढे आला. पटाची कड त्यांनी बोटांनी शोधली. मग बोटं हळूहळू आत सरकली. दगडातल्या रेघेवरून, एका चिंचोक्यावरून, दुसऱ्यावरून. एक चिंचोका हलला. बोटं थांबली, मागे आली, पुन्हा पुढे गेली. एका वाघापाशी पोचली. त्याच्या पाठीवर अंगठा फिरला.

"तीन," माई म्हणाल्या.

"माई, हात नका फिरवू. बकऱ्या हलतात."

"हात नाही फिरवला, तर कुठं काय आहे ते कळणार कसं मला?"

"अहो, पण डोळे उघ..."

तो तिथेच थांबला.

माईंची बोटं पटावर तशीच चाचपत होती. हळू, दबकत, एकेका चिंचोक्याला विचारत. मुकुंदा त्या बोटांकडे बघत राहिला. खाली नदीवर कुणीतरी धुणं आपटत होतं, तेवढाच आवाज.

"पट उन्हात घे म्हणायचा," तो पुटपुटला.

माईंचा हात पटावरच थांबला.

"चिंचोके नकोत, पांढरे खडे घे म्हणायचा. मी म्हटलं, म्हातारपणी नखरे सुचतात तुला. एकदा चहा कपाबाहेर ओतला, मी हसलो... भिंतीला हात लावून गेला तो, माई. भिंतीला हात लावून! स्वतःच्या दुकानात."

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"त्याला दिसत नाही. आणि मी त्याला चोर म्हणालो."

माईंनी डोळे उघडले. एकदम नाही, सावकाश. त्यांच्या नजरेत रागही नव्हता, कीवही नव्हती.

"सांगितलं का नाही त्यानं?" मुकुंदा जवळजवळ ओरडलाच. "मला सांगायचं ना! माझ्यापासून कसली लपवालपवी?"

"आपल्या तोंडानं कोण सांगतं रे असलं?" माई म्हणाल्या. "आणि तेही ज्याला हरवायचं, त्याला?"

त्यानं उपरण्यानं डोळे पुसले. वाघ गोळा करून पिशवीत भरले. चिंचोके भरता भरता त्याचा हात थांबला, आणि ते त्यानं ओट्याखाली भिरकावून दिले.

"जातो मी. आत्ताच जातो. त्याच कट्ट्यावर, चार माणसांसमोर पाय धरतो त्याचे. मारलं तर मार खाईन. तो मारायचा नाही, हेच वाईट आहे."

तो उठला. दोन पायऱ्या उतरला. पुन्हा वळला.

"पण माई..."

"बोल."

"माफ करील तो. त्याचं मन मोठं आहे. पण आमचा खेळ गेला तो गेलाच ना? पट त्याला दिसायचा नाही. कुठली बकरी कुठं आहे ते कळायचं नाही. वाघ हलवायचा तरी दुसऱ्यानं हलवायचा." त्यानं पिशवी छातीशी धरली. "ज्याला डोळेच नाहीत, त्याच्याशी खेळायचं तरी कसं?"

ओट्यावर चार कवड्या राहिल्या होत्या. माईंनी त्या उचलल्या, दोन पायऱ्या खाली आल्या, मुकुंदाचा हात हातात घेतला आणि त्याच्या तळव्यावर एकेक करून ठेवल्या.

"ह्यांना कुठं डोळे होते रे?"