कोऱ्या भिंतीची पैज

मोतीबंदरच्या राजवाड्यात एक भिंत कोरी राहिली आणि ती गोजराच्या मुळावर उठली!

गोजरा ही बंदरावरच्या धर्मशाळेची स्वयंपाकीण. राजा मकरंदसेन आपला नवा कीर्तिमंडप लोकांना दाखवत होता, तेव्हा तीही गर्दीत घुसली होती. भिंतींवर देशोदेशीच्या पराक्रमी पुरुषांची चित्रं! कुणी भाला उगारलेला, कुणी नुसताच मिशा पिळत बसलेला. एक भिंत तेवढी रिकामी होती.

"इथंही कुणी मिशीवालाच येणार का, महाराज?" गोजरा बोलून गेली. "जगात बायका नाहीतच वाटतं!"

राजाच्या भुवया वर चढल्या.

"बायका ढीगभर आहेत गं. त्यांचे पराक्रम कुठं आहेत?"

"देशोदेशी आहेत! धर्मशाळेत रोज ऐकते मी."

"असं? मग मलाही ऐकव!" राजा महाहट्टी. "उद्या दुपारी परदेशी व्यापारी माझ्याकडे जेवायला येणार आहेत. त्यांच्या तोंडून वदवून दाखव. पण तू त्यांना काही विचारायचं नाहीस, आधी पढवायचं नाहीस. आपण होऊन बोलले तरच खरं! आणि राण्या चालणार नाहीत. हाताशी फौज असली की कुणीही शूर होतं. जिंकलीस तर भिंत तुझी. हरलीस तर धर्मशाळेची चूल सोडायची आणि जन्मभर माझ्या मुदपाकखान्यात भांडी घासायची. तेही तोंड मिटून!"

दरबारी पोट धरधरून हसले. व्यापारी जमले की मालाचे भाव आणि वाऱ्याची दिशा, यापलीकडे चकार शब्द काढत नाहीत, हे सगळ्या बंदराला ठाऊक होतं.

गोजरा परतली ती पाय ओढत. नवरा गेल्यावर याच चुलीने तिला उभं केलं होतं. चुलीपुढं बसून ती स्वतःच्या जिभेला शिव्या घालू लागली. त्या नादात कालवणात आंबट घालायचं राहूनच गेलं.

पंगतीला बसलेल्या खलाशाने पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "हे काय कालवण! माझ्या आत्याच्या हातचं खाऊन बघा म्हणावं!" आणि मग आत्याचं असं पुराण लावलं, की हात वाळून गेला तरी गडी उठेना.

गोजरा पळी हातात धरून त्याच्याकडे बघतच राहिली. मग गालातल्या गालात हसली आणि तिने वाड्यावर निरोप धाडला, "उद्याचा स्वयंपाक मी करणार."

"कर म्हणावं," राजा हसला, "घासायची भांडी तरी ओळखीची होतील!"

दुपारी पंगत बसली. गोजराने प्रत्येकाच्या पुढ्यात त्याच्या त्याच्या मुलखातला पदार्थ ठेवला आणि ती पदर खोचून मुकाट उभी राहिली. इराणचा बहराम घोड्यांचे भाव सांगत होता. बोलता बोलता त्याने पुलावाचा घास घेतला आणि थांबला.

"यात केशर नाही! माझ्या आजीने पाहिलं असतं तर पातेलं भिरकावलं असतं!"

"फार तापट होती वाटतं?" राजाने सहज विचारलं.

"तापट? अहो, लुटारू आले तेव्हा आमचे सगळे पुरुष माळ्यावर लपले. आजीने तबेला उघडला, पुढच्या घोडीवर मांड ठोकली, आणि अख्खा कळप तिच्यामागे! लुटारू बसले धूळ खात!"

राजाने गोजराकडे पाहिलं. गोजराने छताकडे पाहिलं.

"तुमचं निदान केशर हुकलं," चीनचा लिन कुरकुरला. "माझ्या पेजेत आलंच नाही! माझी मावशी नावेवर शिजवायची, तीसुद्धा आलं विसरायची नाही. आमच्या नदीत हे मोठाले भोवरे! पट्टीचे नावाडी तिथे नाव घालत नसत. मावशीने घातली. आज त्या नदीवरचे सगळे नावाडी तिचेच शागीर्द आहेत."

आफ्रिकेतल्या हबसाणातून आलेल्या तेस्फाने आपल्या रश्श्यात बोट बुडवून चाटलं. "ह्याला मीठच नाही! आणि मी मीठ विकणाऱ्या बाईचा मुलगा! बाप गेला तर आईने उंटांचा तांडा स्वतः वाळवंटापार नेला, ताऱ्यांवर नजर ठेवून. मी तिच्या पाठीला बांधलेला होतो!"

राजा अस्वस्थ झाला. विषय मोडावा म्हणून त्याने घाईघाईने आपल्या ताटातल्या वरणफळांचा घास घेतला.

"छे! चिंच-गूळ कुठंय? अगं, वरणफळं करावीत आमच्या आईसाहेबांनी! गडाला वेढा पडला, आबासाहेब मोहिमेवर, कोठारात मूठभर दाणे. आईसाहेबांनी असेल नसेल त्याची वरणफळं केली आणि वाफाळती पातेली तटावरून मिरवली! शत्रूला वाटलं, कोठार भरलेलं आहे. वेढा उठवून गेला! अशी बाई..."

राजाचा घास हातातच राहिला. राजा सावरून ओरडला, "थांब! आईसाहेब राणी होत्या. राण्या चालणार नाहीत म्हणालो होतो मी!"

"राण्या चुलीपुढं बसत नाहीत, महाराज!" गोजरा म्हणाली. "फौज तर आबासाहेबांबरोबर गेलेली. त्या दिवशी गडावर राणी नव्हतीच. डोळ्यांत धूर गेलेली, माझ्यासारखी एक स्वयंपाकीण होती!"

राजाने डोळे पुसले आणि तो असा हसला, असा हसला, की मुंडासं सुटून खांद्यावर आलं!

"हरलो, गोजरे! भिंत तुझी! आजी, मावशी, तांडेवाली, सगळ्यांची चित्रं काढू. आईसाहेब मधोमध, हातात पळी घेऊन!" त्याने गळ्यातला कंठा काढून तिच्या हातावर ठेवला. "आणि धर्मशाळेची चूल जन्मभर तुझी! पण आता ही वरणफळं धड चिंच-गूळ घालून कधी करतेस?"

"केलीत की, महाराज! चुलीवर झाकून ठेवलीत. आणि केशर, आलं, मीठ घातलेलंही सगळं तयार आहे. वाढू?"