धुनीचा मान

“म्हणजे धुनीनंच मला मारायला घेतलं, असं म्हणता महाराज?”

“मी काहीच म्हणालो नाही. डॉक्टर काय म्हणाले ते सांग.”

धोंडीरामाला खोकला आला. बराच वेळ थांबेना.

“फुप्फुसात बुरशी धरलीय म्हणाले. आजच दाखल व्हा म्हणाले.”

“मग इथं कशाला आलास?”

“अंगारा घ्यायला.”

धोंडीराम म्हणजे भिकनाथ महाराजांचा पट्टशिष्य. निदान तो स्वतः तसं सांगत फिरे. मागच्या साली त्याची मूत्रपिंडं निकामी झाली, तेव्हा त्याच्या बायकोनं, यमुनाबाईंनी, आपलं एक काढून दिलं. शरीरानं ते परकं म्हणून झिडकारू नये यासाठी अंगाची प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या. धूळ, धूर, ओल यांच्या जवळ जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. महाराजांनीही बजावलं.

पण पावसाळाभर झाकून ठेवलेला गोवऱ्यांचा ढीग धुनीसाठी फोडायचा, हा मान पट्टशिष्याचा. तो दुसऱ्यानं घेतलेला याला कसा खपणार? महाराज गावात गेलेले पाहून यानं ढीग फोडला, तोही मास्क खिशात ठेवून. देवाच्या कामाला तोंड कशाला झाकायचं, म्हणे! ओलसर, बुरसटलेली भुकटी नाकातोंडात गेली. तेव्हापासून ताप उतरला नव्हता.

आज महाराजांनी त्याला बाहेरच्या ओट्यावरच थोपवलं होतं.

“माझी श्रद्धा कमी पडली का, महाराज?”

“अरे, घरी पाहुणा आला. राखणीच्या कुत्र्यानं त्याला फाडू नये म्हणून तू कुत्रं बांधलंस. बरं केलंस. मग दार सताड उघडं टाकून झोपलास. यात श्रद्धा कुठं आली?”

“मग दार तुम्ही राखा. तुमच्याच पायाशी आहे मी.”

महाराजांनी अंगणाबाहेर उभ्या असलेल्या गाडीकडे बोट दाखवलं. धोंडीरामानं तिकडे पाहिलंही नाही.

“अंगारा द्या. दवाखान्यात नळ्या लावून मरण्यापेक्षा धुनीपाशी मेलो तर सोनं होईल. हा देह तुम्हाला वाहिलाय मी.”

“सगळा?”

“सगळा.”

महाराज उठले. आतून अंगाऱ्याची डबी घेऊन आले. धोंडीरामानं दोन्ही हात पुढे केले.

महाराज त्याच्या समोरून निघून गेले. अंगणात यमुनाबाई उभ्या होत्या, कुशीवर हात दाबून. महाराजांनी डबी त्यांच्यापुढे धरली.

“बाई, हा इथं मरायचं म्हणतो. देऊ का अंगारा? तुम्ही सांगाल तसं.”

यमुनाबाईंच्या डोळ्यांना धार लागली.

“नको बाबा. गाडी उभी आहे. यांना चला म्हणा.”

“येतो म्हणाला, तर नेईनच मी त्याला गाडीपर्यंत.”

“वाचतील का हो?”

“ठाऊक नाही, बाई...”

धोंडीराम भिंतीला धरून उठला. धाप लागली होती, तरी आवाज चढलाच.

“महाराज, शिष्य मी तुमचा! माझ्या मरणाचं तिला काय विचारता?”

महाराज वळले.

“तिचं आहे ते आधी काढून दे तिला. मग खुशाल मर.”