टिपणीससाहेबांचा बॅटरीबंदीचा ठराव

सोसायटीचे चेअरमन टिपणीससाहेब बोलू लागले की बाकीच्यांनी माना डोलवायच्या, असा शिरस्ताच होता.

तळमजल्यावरच्या मृण्मयी खोतने घरात मोठी बॅटरी बसवली होती. तिच्यावर तिची इलेक्ट्रिक गाडी चार्ज व्हायची आणि वीज गेली की सासूबाईंचं ऑक्सिजन मशीन चालायचं. साहेबांनी सभा बोलावली.

"लिथियम बॅटरी म्हणजे बॉम्ब. बिल्डिंगमध्ये एकही नको. उद्यापर्यंत बाहेर."

घाबरलेल्या लोकांनी भराभर हात वर केले. मृण्मयीला सासूबाई आठवल्या. वादळाचे दिवस, वीज तासन्‌तास जायची. बॅटरी गेली तर त्यांचा श्वास कशावर चालायचा?

तिने भीतभीतच विचारलं, "साहेब, ठरावातून कुणाला सूट?"

"कुणालाही नाही. मलासुद्धा नाही. सेक्रेटरी, लिहून घ्या."

सेक्रेटरींनी वहीत लिहिलं.

"मग आधी तुम्ही," मृण्मयी म्हणाली. "गेल्या महिन्यात तुमच्या छातीत पेसमेकर बसवला. तोही लिथियम बॅटरीवरच चालतो. तो काढून गेटबाहेर ठेवा, माझी बॅटरी मी त्याच्या शेजारी आणून ठेवते."

साहेबांचा एक हात छातीवर गेला आणि तिथंच राहिला. दुसऱ्या हाताने त्यांनी वही ओढून ठराव खोडला.