बुवांनी रचलेला फितूर

करंजखोरे गावात नरहरबुवा नावाचे कथेकरी राहत होते. सुगी उरकली की देवळापुढच्या पटांगणात माणसं जमत आणि बुवा गोष्ट सांगत.

त्यांच्या गोष्टी दोन तऱ्हेच्या असत. काही आजच्या माणसांच्या. भांडखोर कुंभारीण, लग्नात रुसलेला मामा, एका म्हशीपायी अबोला धरलेले दोघे भाऊ. ती माणसं कुठल्याच गावची नव्हती, पण कुठल्याही गावात शोभली असती. लोक पोट धरून हसत आणि घरी जात. कुंभारीण खरंच होती का, असं कुणी विचारत नसे. ती बुवांच्या डोक्यातून आली आहे, हे सगळ्यांना ठाऊक असायचं.

दुसऱ्या गोष्टी जुन्या काळच्या, गावामागच्या वाघळगडाच्या. त्या ऐकताना कुणी हूं की चूं करत नसे. गड समोर दिसत होता. दोनशे वर्षांपूर्वी त्याला वेढा पडला होता, हेही खरं होतं. त्यामुळे बुवा जे सांगतील ते सगळंच लोकांना खरं वाटे. सुरुवातीला बुवा आधीच सांगून टाकत, "यातलं थोडं ऐकलेलं आहे, थोडं माझं आहे." पुढे त्यांनी ते सोडून दिलं. तेवढं म्हटलं की ऐकणाऱ्यांची तंद्री मोडायची.

गड कसा पडला याबद्दल पाटलांकडे एक जुना कागद होता. त्यात एवढंच लिहिलं होतं की गड तीन महिने झुंजला, धान्य सरलं, गड गेला. बुवांना हे फार कोरडं वाटलं. म्हणून त्यांनी एक फितूर रचला. सोन्याच्या कड्याला भुलून तो गडाचा दरवाजा आतून उघडतो, अशी गोष्ट त्यांनी बांधली. त्याला नाव हवं होतं. गडावरच्या माणसाला शोभेल असं नाव त्यांनी दिलं, रायाजी बुरुजकर.

गोष्ट विलक्षण रंगली. रायाजीनं अडसराला हात घातला की बायका डोळ्यांना पदर लावत. दोन वर्षांत बुवांना नऊ गावांहून बोलावणं आलं.

करंजखोऱ्यात बुरुजकरांचं एकच घर होतं; नाव देताना बुवांनी त्याचा विचारच केला नव्हता. हैबती, त्याची बायको आणि मुलगी सगुणा. दसऱ्याला गावच्या वेशीला तोरण बांधायचा मान या घराकडे होता. त्या वर्षी तो गेला. कुणी भांडलं नाही, कुणी काही बोललं नाही. तोरण फक्त दुसऱ्याच्या हातात दिलं गेलं. पुढच्याच महिन्यात सगुणाचं ठरलेलं लग्न मोडलं. गड विकणाऱ्यांच्या घरची मुलगी आम्हाला नको, असा निरोप मुलाच्या वडिलांनी धाडला.

बुवांच्या कानावर हे आलं. त्यांना वाईट वाटलं. पण लोक चार दिवसांत विसरतील, असं म्हणून त्यांनी मनाची समजूत घातली.

एके दिवशी हैबती त्यांच्या ओसरीवर येऊन बसला. आता हा भांडणार, म्हणून बुवा सावरून बसले. पण हैबतीनं आवाज चढवला नाही. जमिनीकडे बघत त्यानं विचारलं,

"बुवा, आमच्या रायाजीनं असं का केलं असेल?"

मग तोच पुढे म्हणाला,

"घरात काही अडचण होती का त्याच्या? लेकरं उपाशी होती का? तेवढं कळलं तर बरं होईल. पोरगी विचारते, आणि मला सांगता येत नाही."

ज्या घरानं ही गोष्ट सगळ्यांत आधी झिडकारायची, त्या घरानंही रायाजीला आपला म्हणून पदरात घेतलं होतं.

खरं सांगायची वेळ तीच होती. पण आठच दिवसांनी परगण्याचे देशमुख गावात येणार होते. त्यांना हीच गोष्ट ऐकायची होती. ते बुवांना शाल देणार होते आणि दर वर्षाचं धान्य लावून देणार होते. बुवांची जीभ रेटली नाही. जुने कागद बघून सांगतो, असं म्हणून त्यांनी हैबतीला वाटेला लावलं.

ते आठ दिवस बुवांना अन्न गोड लागलं नाही. सातव्या दिवशी त्यांची बायको पाणी भरून आली आणि म्हणाली की बुरुजकर गाव सोडून चाललेत, परमुलखात जाऊन वेगळं नाव लावणार आहेत. सगुणाची आई भांडी बांधत होती, ते तिनं स्वतः पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी पटांगण भरलं. देशमुख पुढे बसले. बुवांनी गोष्ट सुरू केली. वेढा पडला, धान्य सरत आलं, रायाजी दरवाजाशी आला. त्यानं अडसराला हात घातला आणि बुवा थांबले.

"वेढा खरा," बुवा म्हणाले. "तीन महिने खरे. सरलेलं धान्य खरं. हा माणूस मात्र खरा नाही. रायाजी बुरुजकर कधी जन्मलाच नाही. तो मी रचला."

मग गड पडला कसा, असं देशमुखांनी विचारलं. माणसं उपाशी होती, याहून जास्त मला माहीत नाही, असं बुवांनी सांगितलं.

मागून एक म्हातारा म्हणाला की आम्ही तर त्याला डोळ्यांनी पाहिल्यासारखं ऐकलंय.

"कुंभारणीलाही तुम्ही असंच ऐकलंत," बुवा म्हणाले. "तिच्यावरून तुम्ही कुठल्या कुंभाराचा मान काढला नाहीत. ती आजची होती, खोटी आहे हे तुम्हाला दिसत होतं. रायाजी जुना पडला. तो नव्हता असं सांगायला त्या वेळचं कुणी उरलेलं नाही. म्हणून मीच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही."

देशमुख शाल न देताच उठले. हैबतीनं बुवांना पैसे चारले असणार, असं चौघे जण जाता जाता बोललेही. पण पाटलांनी जुना कागद आणून सर्वांपुढे वाचला. कागदात रायाजीचं नाव नव्हतं. हैबतीनं बांधलेली भांडी सोडली. तोरणाचा मान त्याच्याकडे परत आला.

मुलाचे वडीलही परत आले. झालं गेलं विसरू, म्हणाले. हैबती हरखला. सगुणा मात्र दारात येऊन उभी राहिली.

"मामा, तुम्ही एक गोष्ट ऐकून गेलात, दुसरी ऐकून आलात," ती म्हणाली. "तिसरी ऐकलीत की पुन्हा जाल."

तिनं नकार दिला. पुढे तिचं लग्न दुसरीकडे झालं आणि चांगलं झालं.

बुवांचं काम अजून संपलं नव्हतं. जिथं जिथं ती गोष्ट सांगितली होती, त्या नऊही गावांना ते पायी निघाले. आठ गावांत लोकांनी ऐकून घेतलं. काही हिरमुसले, काही रागावले, पण बहुतेकांना पटलं.

नवव्या गावाबाहेर एक मोठा खडक होता. येणारे-जाणारे त्यावर खडा मारून पुढे जात होते. बुवांनी एका म्हातारीला विचारलं की हे काय आहे. या खडकावरून फितूर रायाजीचा कडेलोट केला, असं तिनं सांगितलं.

कडेलोट बुवांच्या गोष्टीत नव्हताच. ते म्हणाले, "आजी, तो माणूस झालाच नाही. दोन वर्षांपूर्वी मीच तो रचला."

म्हातारीनं त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"तुम्हाला काय माहीत, बाबा?" ती म्हणाली. "मी एवढीशी होते, तेव्हा माझ्या आज्यानं मला हा खडक दाखवला होता."

ती खोटं बोलत नव्हती. तिला तसंच आठवत होतं. तिनं वाकून एक खडा उचलला, खडकावर मारला आणि ती आपल्या वाटेनं गेली.

नरहरबुवा तिथंच खाली बसले. ज्याला आपण जन्माला घातलं, त्याला नाहीसं करणं आता आपल्या हातात उरलेलं नाही, हे त्यांना तेव्हा कळलं.

तात्पर्य: आजची गोष्ट असो की इतिहासातली, रचलेली माणसं दोन्हींत असतात. गड खरा म्हणून गडावरचा प्रत्येक माणूस खरा ठरत नाही. ऐकणाऱ्यानं हे विचारून घ्यावं, आणि सांगणाऱ्यानं कुणी विचारायच्या आधीच सांगावं.